विद्रुपा नदीचा जीर्णोद्धार

(समाजाच्या वार्षिक संमेलनात बार्शीटाकळी येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृह, शिष्यवृत्ती इत्यादी विषयांचा ऊहापोह दरवर्षी होत असतो. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय दिला तो नदीचा, आणि तीही गंगा-गोदावरीसारखी पुण्यसलिला नव्हे, तर आपल्याच गावाच्या अंगाने वाहणारी विद्रुपा. ज्ञातिसंस्थेने नदीच्या कामात कशासाठी पडावे, अशी कुजबुज मंडपाच्या मागील बाजूस चालली असल्याचे आम्हांस ठाऊक आहे. ती शंका रास्त आहे आणि तिला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विद्रुपा ही फार मोठी नदी नव्हे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातले ओहोळ-नाले एकत्र होऊन ती येथवर येते, पुढे खडकीवरून अकोल्यास जाऊन मोर्णेला मिळते. मोर्णा पूर्णेला, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला. शके १०९८ चा शिलालेख ज्याच्या भिंतीवर आहे, ते कालंका देवीचे मंदिर आपल्या गावाचे भूषण. साडेआठशे वर्षांपूर्वी या ठिकाणी असे मंदिर उभारणारी वस्ती पाण्याच्या आश्रयावाचून येथे नांदली असेल, असे कोणीही म्हणणार नाही. आज मात्र वैशाखात नदीपात्रात जे ओले म्हणून दिसते, ते बहुतांशी आपल्या मोऱ्यांचे पाणी असते. दोन्ही काठांवर बेशरमची झुडपे माजली आहेत, आणि पात्रात प्लास्टिकच्या पिशव्या व देवघरातील निर्माल्य ही दोन्ही एकाच डबक्यात कुजत आहेत. नदीचे नाव विद्रुपा असे पडले खरे; परंतु ते नाव अक्षरशः खरे करून दाखविण्याचा विडा कोणी उचलावयास नको होता.

आता हे दुरुस्त करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? या प्रश्नाचा विचार करताना आम्ही प्रथम आपल्या खालच्या अंगास पाहिले, कारण मोर्णेच्या बाबतीत अकोलेकरांनी जो प्रयत्न केला, त्याच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दिनांक १३ जानेवारी २०१८ रोजी, शनिवारी, तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकाराने सहा हजारांवर नागरिक आणि शंभरांहून अधिक सेवाभावी संस्था मोर्णेच्या पात्रात उतरल्या. चार किलोमीटरच्या टप्प्यातील दोन्ही काठांचे चौदा घाट त्यांनी स्वच्छ केले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ या भाषणात या मोहिमेचा गौरवाने उल्लेख केला. विद्यार्थी, वकील, व्यापारी, गृहिणी गुडघाभर चिखलात उभ्या राहून जलकुंभी ओढून काढीत आहेत, हे दृश्य अकोल्याने पूर्वी पाहिले नव्हते.

आणि तरीही जलकुंभी परत आली. पुढील वर्षांतही तीच हिरवी चादर मोर्णेवर पसरलेली लोकांनी पाहिली. यात श्रम करणाऱ्यांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे अन्न. अन्नाचा पुरवठा अखंड चालू असेल, तर एका कोपऱ्यात उरलेल्या चार रोपांवरून ती काही आठवड्यांत पुन्हा पात्र व्यापते. हातांनी काढली ती वनस्पती. तिला वाढविणारे नाले तसेच वाहत राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत महाराष्ट्रातील ५३ पट्टे होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. त्यांतील नऊ पट्टे सर्वांत वाईट अशा पहिल्या वर्गात घातलेले होते आणि मोर्णा त्या नवांत होती. त्या यादीतील मोजमापे मोहिमेपूर्वीची आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पहिला वर्ग याचा अर्थ असा की, पाण्यातील घाण कुजविण्यास जो प्राणवायू लागतो, त्याचे मान लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर. उलट स्नानयोग्य पाण्यास ते मान ३ च्या आत असावे लागते. दहापटीहून अधिक घाण! अकोल्याच्या राजराजेश्वरास श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी खांद्यावरून आणतात. ती परंपरा श्रद्धेची आहे आणि तिचा आम्हांस आदर आहे. परंतु शहराच्या मधून एक नदी वाहत असताना देवाच्या अभिषेकास दुसऱ्या नदीचे पाणी कोसभर नव्हे, पाच-सहा कोस चालून आणावे लागते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मोर्णेत मिळणाऱ्या पाण्यांत विद्रुपेचे पाणी आहे, हे आपण विसरता कामा नये. अकोलेकर खालचे आणि आपण वरचे. येथे जे सोडले जाते, ते खडकीच्या आणि त्यापुढील माणसांच्या दारावरून जाते.

‘वरचे’ आणि ‘खालचे’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले. वऱ्हाडातील जुन्या गावांचे पाणवठे ज्यांनी पाहिले आहेत किंवा ज्यांच्या घरी आजी-आजोबांनी त्यांविषयी सांगितले आहे, त्यांना निराळे समजावून सांगावयास नको. नदीच्या वरच्या अंगाचा पाणवठा उच्च म्हणविणाऱ्यांचा, त्याखाली गुरांचा आणि धुण्याचा, आणि सर्वांत खालचा शिवेकडील वस्तीचा. गावाची जी पायरी, तीच नदीची पायरी. कोणास स्वच्छ पाणी मिळावे आणि कोणी इतरांनी वापरलेले पाणी भरावे, हे जन्मावरून ठरत असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, ती या व्यवस्थेवरच भरली. कायद्याने ती व्यवस्था गेली. परंतु नदी अजून वरूनच खाली वाहते, आणि वरच्या वस्तीने खालच्या वस्तीकडे काय पाठवावे, या प्रश्नाचा निकाल आपण लावलेला नाही. ज्ञातिसंस्थेने या विषयात का पडावे, याचे आमचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर याहून व्यावहारिक आहे. पाणलोटाची सीमा आपल्या सभासदांच्या यादीवरून पडत नाही. वरच्या टेकडीवर एक शेत आपल्या ज्ञातिबांधवाचे, त्याखालचे दुसऱ्या समाजाचे, त्याखालचे तिसऱ्याचे. नाला तिघांच्याही बांधावरून जातो. आपण एकट्याने ही नदी सुधारू म्हटले, तर सुधारणार नाही. आपले काम एवढेच की, आपल्या सभासदांची जी शेते आणि जी घरे या पाणलोटात आहेत, त्यांचा हिशेब प्रथम आपण मांडावा आणि मग इतर समाजांकडे, ग्रामपंचायतींकडे व नगरपंचायतीकडे जावे. रिकाम्या हाताने सभेस जाणारा फक्त बोलतो. स्वतःचा हिशेब घेऊन जाणाऱ्याचे इतर ऐकतात.

या ठिकाणी परदेशातील एक उदाहरण देण्याचा मोह होतो. लंडन शहरात १८५८ सालच्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की, नदीकाठच्या पार्लमेंटचे कामकाज चालणे कठीण झाले. तेव्हा मात्र पैसा तत्काळ मंजूर झाला! जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराखालून मोठमोठी गटारे बांधून सर्व मैला शहराच्या पूर्वेस, बार्किंग आणि क्रॉसनेस येथे नेऊन नदीत सोडला. लंडनमधील पटकीच्या साथी थांबल्या. हे कार्य थोरच होते. परंतु घाण नाहीशी झाली नव्हती, ती खालच्या अंगास गेली होती. १८७८ साली त्याच ठिकाणाजवळ ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाची उतारूंची बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे त्या मैलमिश्रित पाण्यात मरण पावली. त्यानंतर मैल्यातील घनभाग निराळा काढण्याचे शहाणपण सुचले. तरीही १९५७ साली तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयातील तज्ज्ञांनी टेम्सच्या त्या भागास मृत ठरविले. पाणी शुद्ध करणारी केंद्रे सुधारल्यावर १९७४ साली सामन मासा तेथे परत दिसला. शंभराहून अधिक वर्षे आणि जगातील अत्यंत श्रीमंत शहराची तिजोरी खर्ची पडली, ती मुख्यतः घाण पुढे ढकलण्याची सवय मोडण्यात.

आपल्याकडे तिजोरी नाही, पण नदी लहान आहे आणि घाणीचे मान अद्याप हिशेबात येण्याजोगे आहे. भुयारी गटारे नसलेल्या गावास दररोज माणशी ७० लिटर पाणी धरतात. त्यातील चार पंचमांश मोरीवाटे बाहेर पडते. म्हणजे हजार माणसांमागे रोज ५६,००० लिटर. ज्या घराभोवती मोकळे अंगण आहे, त्याचे न्हाणीचे व भांड्यांचे पाणी शोषखड्ड्यात जिरविता येते. खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे, वर वाळू, आणि कचरा अडविणारे मडके, एवढाच त्याचा सरंजाम. दाट वस्तीत ते शक्य नाही. तेथे नाला नदीस मिळण्यापूर्वी त्याच्या मुखाशी पाणी थबकवून गाळ खाली बसू देणारी कुंडे आणि पुढे बोरू, कर्दळ यांसारख्या वनस्पतींच्या मुळांतून पाणी झिरपविणारे वाफे करता येतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण नीरी म्हणतो, ‘फायटोरिड’ नावाने अशी पद्धत सिद्ध केली आहे. तिला विजेची फारशी गरज नाही. मात्र गाळ उपसणे आणि वाढलेली झाडे कापणे हे काम दरवर्षी, चुकता न चुकता, कोणी तरी करावे लागते. अनेक चांगली कामे या ‘कोणी तरी’पाशी येऊन बंद पडतात.

संडासाच्या टाक्यांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. भगिनीवर्गाने आणि पाहुण्यांनी क्षमा करावी. टाकी बांधली म्हणजे काम संपले असे पुष्कळांस वाटते. वर्षानुवर्षे न उपसलेली टाकी ही टाकी राहत नाही. मैला तिच्यातून थेट गटारात जातो. आणि उपसावयाची ती यंत्राच्या गाडीने. माणसास टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होते. गाडीने नेलेला मैला रात्रीच्या वेळी नाल्यात ओतला जाणार नाही, याची हमी नगरपंचायतीकडून घेणे हा योजनेचा भाग झाला पाहिजे. हा विषय व्यासपीठावर अशोभनीय आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी या वऱ्हाडातच हाती खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या गाडगेबाबांचे स्मरण करावे. ऋणमोचनास पूर्णेच्या काठी त्यांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही वलगावाजवळ, पेढी नदीच्या काठी. आम्ही मघाशी सांगितलेल्या २०१८ च्या यादीत ती पेढीही आहे.

येथवर गावाच्या घाणीचा विचार झाला. परंतु केवळ घाण अडवून नदी परत येत नाही. तिच्यात पाणी असावे लागते. आपल्या भागात वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. तेव्हा हेक्टरी ७५ लाख लिटर आकाशातून पडते. यातील बराचसा भाग चार-सहा मोठ्या सरींत येतो आणि उघड्या टेकड्यांवरून माती घेऊन काही तासांत निघून जातो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मोर्णेचे पाणी अकोल्यातील वस्त्यांत शिरले, आणि तीच नदी उन्हाळ्यात पाण्याच्या थेंबास मोताद असते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्यावरील मुरमाच्या आणि भेगाळलेल्या खडकाच्या थरात. उत्तरेस, पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, विहिरीचे पाणी खारट लागते. तेथील गावांना दक्षिणेच्या डोंगरातून येणाऱ्या गोड पाण्याची किंमत आपल्याहून अधिक कळते. आपल्याच तालुक्यातील महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी अकोला शहर पिते. आपण वरचे आहोत, हे येथे पुन्हा दिसून येते.

म्हणून काम माथ्यापासून सुरू झाले पाहिजे. आधी टेकडीवर समतल चर आणि गवत, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओहोळांत दगडी बांध, नाल्यावर माती-सिमेंटचे बंधारे आणि सर्वांत शेवटी नदीचे पात्र. शास्त्र हा क्रम सांगते. व्यवहारात तो नेमका उलटा होतो. नदीपात्रात यंत्र घालून खोदाई केली की छायाचित्र उत्तम येते आणि देयकही लवकर निघते. वरची माती अडविल्यावाचून केलेले खोलीकरण दोन पावसाळ्यांत गाळाने भरते. आणि मुरमाचा थर फोडून खोल गेले, तर शेजारच्या विहिरींचे पाणी खड्ड्यात उतरते. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ साली वरूडने, आणि पुढे आपल्या बार्शीटाकळी तालुक्यातील गावांनीही श्रमदान केले. त्या दिवसांत पहाटे कुदळ-फावडे घेऊन टेकडीवर गेलेली मुले या मंडपात बसली आहेत. चर कसा आखावा हे ती आमच्याहून अधिक जाणतात, आणि समितीत त्यांना घ्यावे अशी आमची सूचना आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. बांध घालावयाचा तो वरच्या शेतकऱ्याच्या शेतात. तास-दोन तास जमीन जाते ती त्याची, आणि विहिरीस पाणी वाढते ते खालच्याच्या. दोन भावांच्या वाटणीत जेथे धुऱ्यावरून वर्षानुवर्षे खटले चालतात, तेथे हे गोड बोलून होणारे काम नव्हे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती या प्रश्नास भिडली म्हणून आम्हांस ती थोर वाटते. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ज्यास जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावावयाचा नाही. हे नियम जसेच्या तसे आपल्याकडे लागू पडतील असे नाही. कपाशी, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख निराळा आहे. परंतु खालच्या बागायतदाराने वरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास काही देणे लागते, हे तत्त्व आधी मान्य झाले पाहिजे. ते बांधाच्या जमिनीचे मोल असो, चाऱ्याचा वाटा असो किंवा टंचाईच्या महिन्यांत विहिरीचे पाणी असो. आपल्या सभासदांत वरचेही आहेत आणि खालचेही. निदान आपसांत हा करार आपण लिहून काढू शकतो. तो झाला नाही, तर पुढील सर्व नकाशे व्यर्थ आहेत असे आम्ही समजतो.

फवारणीविषयी एक शब्द. औषधाचे पंप आणि डबे नाल्यात धुण्याची चाल सर्वत्र आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जे श्वासातून मारते, ते पाण्यातून अमृत होत नाही.

काठावरील अतिक्रमणांचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पूररेषा आखली पाहिजे आणि तीत नवे बांधकाम होता कामा नये, हे निर्विवाद. परंतु नदीसुधाराचा प्रारंभ गरिबाच्या झोपडीवर यंत्र घालून करावयाचा आणि पक्क्या इमारतींचे नाले मात्र तसेच ठेवावयाचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. झोपडीवाल्यास आधी जागा, मग स्थलांतर. आणि नाला बंद करण्याचा प्रारंभ मोठ्या घरांपासून.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही जो आराखडा ठेवला आहे, त्यात पहिल्या वर्षी एकाही फावड्याचे काम नाही, यावरून काही मंडळी नाराज आहेत. पहिले वर्ष पाहण्याचे आणि लिहिण्याचे आहे. खडकीपासून वर, पाणलोटाच्या माथ्यापर्यंत, नदी आणि तिचा प्रत्येक नाला पायी चालावयाचा. कोठे कोणती मोरी मिळते, कोठे कचरा टाकतात, कोणत्या बांधास भगदाड आहे, ते नकाशावर उतरवावयाचे. सभासदांच्या विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात दोरीने मोजून वहीत नोंदवावयाची. स्त्रियांची स्वतंत्र तुकडी असावी, कारण कोणत्या महिन्यात कोणत्या विहिरीचे पाणी खाली जाते, हे पुरुषांच्या चावडीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. दुसऱ्या वर्षी नाल्यांची मुखे आणि टाक्या. तिसऱ्या वर्षापासून माथ्याची कामे, करार झालेल्या शेतांत. मोर्णेकाठी अकोल्यात काम करणाऱ्या मंडळींस पहिल्याच बैठकीस बोलवावे. आपण काय सोडणार नाही, हे त्यांच्यासमोर सांगणे बरे.

संमेलनाच्या समाप्तीनंतर मंडपाच्या दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत पाणलोटात ज्यांची शेते आहेत त्यांनी गट क्रमांक, विहीर व नाला यांची नोंद करावी. दुसरीत पायी चालण्यास येणाऱ्यांनी नावे द्यावीत. पहिली तुकडी पुढील रविवारी सकाळी सहा वाजता खडकीच्या पुलापासून निघेल. पाण्याची बाटली, टोपी आणि दुपारची भाकरी ज्याची त्याने आणावी. दोरी आणि नकाशे संस्थेतर्फे मिळतील.